बंदी उंबरठ्यापर्यंत

दारूचा इतिहास बहुधा महसुलाच्या वह्यांतून लिहिला जातो. मक्ता कोणी घेतला, कर किती जमा झाला, कायदा केव्हा आला आणि केव्हा गेला, हे सारे सरकारदरबारी नोंदलेले असते. ज्या घरात ती दारू प्यायली गेली त्या घरातील मुलाची नोंद मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील दोन वनजिल्ह्यांची कहाणी आम्ही येथे मांडीत आहोत, ती या राहून गेलेल्या नोंदीच्या अंगाने. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. अरण्य एक, माती एक, बोलीही बरीचशी एक; तरीही दारूच्या प्रश्नावर आज दोघांच्या वाटा अगदी भिन्न आहेत.

या अरण्याचा कल्पवृक्ष म्हणजे मोह. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळू लागली की सारे कुटुंब टोपल्या घेऊन झाडाखाली जाते, आणि लहान मुलेही आईच्या बरोबरीने फुले वेचतात. ही फुले वाळवून ठेवली की टंचाईच्या दिवसांत ती अन्न होतात. त्यांचीच दारूही होते. गोंड व माडिया समाजात जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य यांत मोहाच्या दारूला स्थान आहे. पहिली धार देवाला व पूर्वजांना, मग वडीलधाऱ्यांना. तेव्हा मुलाने दारू पाहिलीच नाही, असा काळ येथे कधीच नव्हता. परंतु ती त्याला दिसे ती सणाच्या दिवशी, देवाच्या नावाने आणि साऱ्या गावासमक्ष. त्या जुन्या जगात अतिरेक नव्हताच, असे आमचे म्हणणे नाही. मात्र दारू ही रोज संध्याकाळी पैसे देऊन विकत आणावयाची वस्तू नव्हती, एवढे निश्चित.

ती वस्तू झाली इंग्रजी अमलात. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा जिल्हा कंपनी सरकारच्या हाती गेला. १८६१ मध्ये तो मध्य प्रांतात समाविष्ट झाला. अबकारी हे उत्पन्नाचे साधन ठरले. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क मक्तेदाराला मिळाला, आणि घरी गाळणारा आदिवासी गुन्हेगार ठरू लागला. आमच्या कोकणपट्टीतील वाचकांना ही कथा अपरिचित वाटू नये. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवरील कर वाढले, आणि १८९२ च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. हेतू लोकांची दारू सोडविण्याचा नव्हता. त्यांनी सरकारमान्य दारू घ्यावी, हा होता. गांजाचेही तसेच. मध्य प्रांतात निमाड जिल्ह्यातील खांडव्याचा गांजा सरकारी देखरेखीखाली पिके आणि परवान्यावर विकला जाई. त्याची चौकशी करण्यासाठी १८९३ मध्ये आयोग नेमला गेला व त्याने सात खंडांचा अहवाल दिला. गांजावर देशभर कायद्याने बंदी आली ती थेट १९८५ साली.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन गोष्टी जवळजवळ आल्या. एकोणचाळिसाव्या अनुच्छेदाने बालकांच्या निरोगी वाढीची जबाबदारी राज्यावर टाकली आणि सत्तेचाळिसाव्याने मादक पदार्थांच्या बंदीची. आम्हांस असे वाटते की घटनाकारांनी एकाच भागात ठेवलेल्या या दोन कलमांचा संबंध नंतरच्या राज्यकर्त्यांनी फारसा जोडला नाही. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. पुढे परवान्यांची पद्धत सैल होत गेली आणि दारू पुन्हा उत्पन्नाच्या रकान्यात जाऊन बसली.

हा संबंध जोडला तो गावातील स्त्रियांनी. १९८६ साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. आरोग्याच्या प्रश्नांविषयी गावकऱ्यांशी बोलताना दारूचा विषय वारंवार पुढे आला. जिल्ह्याच्या वार्षिक विकास योजनेवर सरकार जेवढे खर्च करी, त्याहून अधिक पैसा लोक दारूवर घालवीत होते, ही गोष्ट तेव्हा उजेडात आली. गावोगावी ठराव झाले, स्त्रिया दुकानांपुढे उभ्या राहिल्या, आणि सहा वर्षांच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या स्मृतीस्तव ती आधीच आली होती. गडचिरोलीची बंदी लोकांच्या मागणीतून आली, हे तिचे वेगळेपण.

चंद्रपूरची वाट अधिक खडतर होती. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी, औष्णिक वीज केंद्र: हा पगाराच्या दिवसांचा जिल्हा, आणि पगाराचा दिवस म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्याचा दिवस. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. हे तेच चिमूर, जेथे १९४२ चा उठाव झाला आणि जेथे तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने व्यसनमुक्तीचा उपदेश घरोघरी नेला होता. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. शासनाने समिती नेमली, तिचा अहवाल आला, आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्हा दारूमुक्त घोषित झाला.

सहाच वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, राज्य मंत्रिमंडळाने ही बंदी उठविली. बंदीमुळे अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला, असे सांगण्यात आले. यांतील काही आक्षेप पोकळ नव्हते. चोरटी दारू येत होती, आणि ती पोहोचविण्याच्या कामी लहान मुलांचाही वापर होतो, ही तक्रार गंभीर होती. मात्र बंदी हवी की नको, या वादात दोन्ही बाजूंनी आकडे मांडले गेले ते बाटल्यांचे, खटल्यांचे आणि रुपयांचे. बाप संध्याकाळी शुद्धीत घरी आला की नाही, मुलांच्या वह्यापुस्तकांना पैसे उरले की नाही, आई मार न खाता झोपली की नाही, हे मोजण्याची तसदी कोणी घेतली? ज्या स्त्रिया चिमूरहून चालत गेल्या, त्यांची मागणी याच तीन गोष्टींची होती.

गडचिरोलीत बंदी अद्याप आहे. तरीही तेथील घर निर्व्यसनी झाले, असे म्हणता येत नाही. दारूचे दुकान बंद असलेल्या गावातही खर्ऱ्याची टपरी असते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला हा खर्रा साऱ्या विदर्भात पुरुषांच्या खिशात आणि स्त्रियांच्या कनवटीला असतो. दात घासण्याच्या निमित्ताने नस किंवा गुडाखू वापरण्याची सवय वेगळीच. दारूची लाज वाटते, खर्ऱ्याची वाटत नाही. म्हणून तो मुलांदेखत खाल्ला जातो आणि बहुधा मुलालाच आणावयास पाठविले जाते. २००३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे गुन्हा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने बालकाला दारू वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. पण बापाने हातावर नाणे ठेवून धाडलेल्या पोराला रिकाम्या हाताने परत पाठविणारा टपरीवाला विरळाच.

आणखी एक विसंगती या अरण्यात आहे. वैशाखात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटे पाने तोडून आणावयाची आणि दुपारी घरभर बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधावयाचा. त्यात मुलांचेही हात असतात. ही पाने विडीसाठी जातात. वर्षातील मोठी रोख मिळकत हीच, आणि ती हाती येताच चोरट्या दारूवाल्याची पावले गावाकडे वळतात. मुलाच्या श्रमाचा पैसा अशा रीतीने मुलाच्याच घरावर उलटतो.

अपाय मुलाच्या जन्माआधीच सुरू होतो, हे आता वैद्यकाने सिद्ध केले आहे. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, तंबाखू खाणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जे बाळ मुळातच अशक्त मातेच्या पोटी वाढते, त्याला एवढी तूटही जड जाते. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे.

हे वाचून कोणी आदिवासी आईबापांना नावे ठेवू नयेत. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माता तान्ह्या बाळांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन कामावर जात, याची नोंद १९३१ च्या मजूरविषयक शाही आयोगाने केली आहे. त्या माता निर्दय नव्हत्या. बाळाला सांभाळणारे घरी कोणी नव्हते. आमच्या समाजातही बारशापासून लग्नापर्यंत कोणत्या मेजावर काय असते, आणि त्या मेजाभोवती कोण खेळत असते, हे वाचक जाणतात. वनवासी बापाची दारू ती व्यसनाधीनता आणि शहरी बापाची ती पाहुणचार, असा भेद मुलाच्या डोळ्यांना कळत नाही.

१८३८ साली आयर्लंडमधील कॉर्क शहरी फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी मद्यत्यागाची शपथ देण्यास आरंभ केला, आणि थोड्याच वर्षांत लक्षावधी लोकांनी ती घेतली. पुढे भीषण दुष्काळ आला, आणि ती लाट ओसरली. भुकेपुढे नुसती शपथ टिकली नाही. चंद्रपूरने दाखविले की नुसता कायदाही टिकत नाही. या दोहोंच्या मधली एक जागा आहे, ती गावाची. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिला. त्याआधीच धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने आपले निर्णय स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून सर्वसहमतीने घेण्याचा पाठ घालून दिला होता. २०१६ पासून गडचिरोलीत शासन, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांनी चालविलेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमात दारूबरोबर तंबाखूही आली, आणि गावसमित्यांवर भर दिला गेला, हे योग्यच झाले.

कायदा दुकान बंद करू शकतो. उंबरठा ओलांडण्याचे बळ त्याच्यात नाही. तेथून पुढचे काम आईबापांचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आहे. एखाद्या गावाने इतकेच ठरविले, की येथे कोणतेही मूल मोठ्यांसाठी खर्रा वा दारू आणावयास जाणार नाही, तर त्या ठरावाला ना महसूल बुडण्याची भीती, ना मंत्रिमंडळाच्या मंजुरीची गरज. तो ठराव पाळला गेला की नाही, याची नोंद ठेवणारी वही मात्र ग्रामसभेने आता उघडली पाहिजे.