करणीचा आळ : दप्तरात नसलेली नावं

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालतं. भूत-भानामतीचा विषय निघाला की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बाया एकमेकींकडं पाहतात. त्यांनी ते दिवस पाहिलेले आहेत. आम्ही लहान होतो तेव्हा बुलढाण्यातल्या आमच्या गल्लीत एक विधवा म्हातारी राहायची. कोणाचं लेकरू तापानं फणफणलं की तिच्या दाराकडं बोट जायचं. तिच्यावर खटला झाला नाही, पंचायत बसली नाही. तिच्या घरचं पाणी तेवढं कोणी पीत नव्हतं.

अमेरिकेतल्या सेलम इथं १६९२ साली चेटकाचे खटले चालले. १४ स्त्रिया आणि ५ पुरुष फासावर गेले. ऐंशी ओलांडलेला एक शेतकरी आरोपाला उत्तर देईना, म्हणून अंगावर दगड रचून त्याला मारलं. पण हे कोर्टात घडलं, कागद राहिला. १७११ साली बऱ्याच कुटुंबांना भरपाई मिळाली आणि राहिलेल्या एका बाईचं नाव २०२२ साली निर्दोष ठरलं. तीनशे तीस वर्षांनी का होईना!

आपल्याकडं काय होतं? न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवर लिहिलं आहे. त्यावरून दिसतं की चेटूक करणारे शोधून त्यांना शिक्षा देणं हे उत्तर पेशवाईत सरकारी अंमलदारांचं काम झालं होतं. आपला वऱ्हाड तेव्हा निजाम आणि नागपूरकर भोसल्यांच्या दुअमलात होता. गावात गावकी हेच कोर्ट. मेलेलं ढोर ओढायचं आपल्या वाडवडिलांनी, पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर न्यायचा त्यांनीच. आणि ढोरं पटापट मरू लागली की "यांनीच काहीतरी केलं" हा संशयही त्यांच्यावरच. अशा कितीजणांनी मार खाल्ला, कितीजण गाव सोडून गेले, त्यांची नावं कोण लिहून ठेवणार?

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडं आला. पुढं दंडसंहितेनं चेटकीण म्हणून जीव घेणं हा सरळ खून ठरवला. पण एखाद्या बाईवर करणीचा नुसता आळ घेण्याविरुद्ध वेगळा कायदा नव्हता.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घराघरांतून मरीआई, खंडोबा बाहेर गेले. भूतविज्जेवर पोट भरणं ब्रह्मजाल सुत्तात वर्ज्यच सांगितलेलं आहे. खरं बोलायचं तर 'करणी' हा शब्द मात्र देवांबरोबर गेला नाही. आमच्या गल्लीत बोट दाखवणारी आपलीच माणसं होती.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो असं भासवून त्याचं जगणं मुश्कील करणं, जारणमारणाच्या नावानं मारहाण करणं, धिंड काढणं हे आता गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला सात दलित स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारलं. त्यात म्हातारे होते, म्हाताऱ्या होत्या. या वेळी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या.

आमच्या गल्लीतली ती म्हातारी तोवर केव्हाच वारली होती. तिच्या मातीला आमच्यापैकी कोण गेलं होतं, हे आता कोणालाच आठवत नाही.