कशिश आणि गुरुत्वाकर्षण

परीक्षा जवळ आली की घराघरांतून घोकंपट्टीचा सूर ऐकू येतो. व्याख्या, सूत्रे, 'शास्त्रीय कारणे लिहा'. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. मुले न्यूटनचा नियम घडाघडा म्हणतात. पण या शब्दातला 'गुरु' कोण, असे विचारले की गप्प होतात.

आमच्या मराठवाड्यात या शब्दांमागे वेगळा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात सरकारी माध्यमिक शाळांचे माध्यम उर्दू होते. १९१७ साली हैदराबादेत 'दारुत्तर्जुमा' म्हणजे भाषांतराचे कार्यालय निघाले. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. पाठोपाठ १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक विज्ञान इंग्रजीऐवजी उर्दूतून शिकवायचे, तर शब्द हवेत. म्हणून विद्वानांनी एकेका शब्दावर खल केला. मोठेच काम होते ते. पण ज्या मुलांच्या घरी मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलली जाई, त्यांना विज्ञानाआधी भाषाच शिकावी लागे.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. मराठी शाळांत रुजली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय आले, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद, १९६७ मध्ये 'बालभारती'. मराठी परिभाषेवर पुन्हा तसाच खल झाला.

आता दोन्हीकडचे शब्द शेजारी ठेवून पाहा. उर्दू पुस्तकात गुरुत्वाकर्षणाला 'कशिशे-सिक्ल' म्हणतात. कशिश म्हणजे ओढ, सिक्ल म्हणजे जडपणा. मराठीतही 'गुरु' म्हणजे जड आणि आकर्षण म्हणजे ओढच! प्रकाशसंश्लेषण म्हणजे उर्दूत 'जियाई तालीफ'. जिया म्हणजे प्रकाश, तालीफ म्हणजे जुळणी. ग्रंथ जुळवण्यालाही तालीफच म्हणतात. पान उन्हाच्या जोरावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांची जुळणी करून अन्न तयार करते, हा सारा धडा त्या दोन शब्दांत आहे.

राज्य मंडळाच्या दहावीला आजही कुणी मराठीतून बसते, कुणी उर्दूतून, कुणी इंग्रजीतून. शब्दाची फोड करून न सांगता तो नुसता पाठ करायला लावला, तर मायबोलीतला शब्दही परका होतो. मग उर्दूतून शिकाव्या लागलेल्या त्या जुन्या मराठी मुलांची अडचण आणि आजच्या मुलांची अडचण यांत फरक तो काय राहिला? वर्गात पाच मिनिटे शब्दासाठी काढावीत. गुण तर मिळतीलच, पण परीक्षा संपल्यावरही काही उरेल.