जुहूची धावपट्टी आणि वाऱ्याचा अडथळा

जुहूचा विमानतळ 1928 मध्ये सुरू झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथे उतरले, ते पस मॉथ विमानातून. या विमानाच्या चाकांच्या दांड्यांवर निमुळती आवरणे असत. उडताना ती वारा कापत. उतरताना वैमानिक ती काटकोनात फिरवी आणि तीच वाऱ्याला आडवी येऊन विमानाचा वेग मारत. आकार बदलला की हवेचा रोध किती बदलतो, हे दाखवणारे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी विमाने सांताक्रूझला गेली. पुढे जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यतीही झाल्या, मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर होत तशाच. जुहूची मुख्य धावपट्टी जेमतेम 1.1 किलोमीटरची. गाडी जागेवरून सुटते तेव्हा वाऱ्याचा अडथळा नगण्य असतो. तिथे प्रश्न वजनाचा, टायरांच्या पकडीचा आणि इंजिनाच्या ओढीचा. वेग दुप्पट झाला की मात्र अडथळा चौपट होतो आणि त्यावर मात करायला आठपट शक्ती लागते. म्हणून वेगमापकाचा काटा आधी झपाट्याने चढतो, मग रेंगाळतो. इंजिनाची सगळी ताकद रोधातच खर्ची पडू लागली की वेग तिथेच थांबतो. तोच गाडीचा कमाल वेग.

मुंबईच्या या उपनगरांची स्वतःची गाडी म्हणजे कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1954 पासून तिथे फियाट 1100 बनवली. तिची शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती, वेग ताशी 120 किलोमीटरच्या आसपास. शर्यतीसाठी बंपर आणि मागची बाके काढली की अशी गाडी हलकी होऊन लवकर उसळी घेते, पण तिचा खोक्यासारखा आकार तसाच राहतो. केवळ वाऱ्याचा हिशोब धरला, तरी तिला 144 वर न्यायला जवळजवळ 70 अश्वशक्ती लागेल.

जुहूला समुद्राचा वाराही हिशोबात घ्यावा लागतो. मुख्य धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. ताशी 20 किलोमीटरचा पश्चिमेचा वारा असेल, तर 120 ने समुद्राकडे जाणाऱ्या गाडीला हवा 140 ने भिडते, परतताना 100 ने. दोन्ही फेऱ्यांतला अडथळा जवळजवळ दुपटीने वेगळा!

पवईत वजन आणि वाऱ्याच्या रोधाचा हाच प्रश्न आज वेगळ्या मापाने सुटतो. आयआयटी मुंबईचे विद्यार्थी विजेवर धावणारी शर्यतीची गाडी बांधून इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरले आहेत. त्या स्पर्धेत प्रवेगाची कसोटी फक्त 75 मीटरची. एवढ्या अंतरात वाऱ्याला फारसा वाव मिळत नाही. किलो-किलो वजन कमी करणे अधिक मोलाचे ठरते. अशा गाड्यांना बसवलेले पंख रोध वाढवतात, पण वळणावर गाडी जमिनीला दाबून धरतात. मंद, वळणदार मार्गावर हा सौदा फायद्याचाच आहे.

जुहूच्या धावपट्टीवर आता मोटारी धावत नाहीत. तिथून बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरे जातात.