जालना, सोलापूर आणि आपला हापसा

शाळेच्या मैदानाच्या कडेला हापसा होता, तो आठवत नाही असं आपल्या वर्गात कुणी नसेल. मधल्या सुट्टीत एकीने दांड्याला लोंबकळायचं, दुसरीने ओंजळ लावून प्यायचं, मग अदलाबदल. दांडा हातातून सुटून वर उसळला की हनुवटीला लागायचा. माझ्या हनुवटीवर ती खूण अजून आहे. पण त्या हापशाचा इतिहास लिहावा असं मनात आलं ते अहमदपुरात नव्हे, पुण्याच्या ऑफिसात.

आमच्याकडे नव्या मुलांसाठी अधूनमधून डिझाइनवर एक सत्र असतं. जगातल्या गाजलेल्या वस्तू बघायच्या, त्यांतून आपल्या कामासाठी काय घेता येईल ते बोलायचं. पडद्यावर ठरलेली मंडळी येतात: वॉकमन, व्हेस्पा, आयफोन. गेल्या वेळी मला म्हणाले, मॅडम, तुम्ही एक वस्तू सांगा. मी म्हटलं, इंडिया मार्क टू. कुणालाच कळेना. फोटो दाखवला तेव्हा एक मुलगा हसला, "हा तर गावाकडचा हँडपंप!"

तोच. आणि त्याचा जन्म आपल्या शेजारचा.

बहात्तरचा दुष्काळ आपल्यापैकी कुणी पाहिला नाही, पण सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरीच्या गोष्टींतून तो घरोघरी ऐकला. आड आणि विहिरी आटल्या होत्या. आपल्या बालाघाटात पाणी असतं ते काळ्या कातळाच्या भेगांत, खोल. साठच्या दशकाच्या शेवटी युनिसेफने हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रं भारतात आणली आणि कातळात दीडशे-दोनशे फूट जाता येऊ लागलं. भोक पडलं, पाणी लागलं, पण ते वर काढायला बसवले ओतीव लोखंडाचे पंप. त्यांचा मूळ नमुना युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांचा होता. तिथे एक कुटुंब दिवसाला चार-दोन बादल्या काढणार. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव रांगेत. खिळी झिजायच्या, दांडे तुटायचे. सत्तरच्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा बसवलेल्यांपैकी बहुतेक पंप बंद सापडले. दहा जणांसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दहा हजारांवर सोडला की काय होतं ते मी नोकरीत कितीदा पाहिलंय, त्यामुळे मला याचं जराही नवल वाटलं नाही.

दुरुस्तीची वाट शोधली ती जालन्यात आणि सोलापुरात, विहिरी-बोअरचं काम करणाऱ्या मिशनच्या लोकांनी आणि त्यांच्या वर्कशॉपांनी. जालना पंपात ओतीव लोखंडाऐवजी पोलाद आलं आणि दांडा अनेक खिळींऐवजी एकाच आसावर फिरू लागला. सोलापूर वेल सर्व्हिसच्या पंपाने पुढची पायरी गाठली. दांडा वर-खाली होताना त्याचं टोक कमानीत फिरतं, पण बोअरमधली सळई सरळच वर यायला हवी. या दोघांच्या भांडणात सळई कडेला ओढली जाते आणि झिजते. सोलापूरवाल्यांनी दांड्याच्या टोकाला वर्तुळाचा एक तुकडा बसवला आणि त्यावरून साखळी सोडली. टोक कमानीत फिरलं तरी साखळी त्या गोलाईवरून सरळच लटकते, म्हणून सळईही सरळ वर येते. खाली जायला तिला तिचंच वजन पुरतं. (म्हणूनच उथळ बोअरवर हा पंप नीट चालत नाही. सळई आखूड, वजन कमी, साखळी ढिली पडते.)

भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी याच सोलापूर पंपावरून पुढचा पंप घडवायला घेतला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्याने नमुने बनवले, कोइमतूरकडच्या खोल बोअरवर ते चाचणीला लावले आणि सत्तरचं दशक संपण्याआधी उत्पादन सुरू झालं. बैठक अशी की ती बोअरच्या पाइपला झाकून बसते आणि सांडलेलं घाण पाणी परत आत जात नाही. दांडा भरीव आणि लांब, त्यामुळे ताकद सुमारे आठपट होते आणि खालच्या सळईचा भारही तोलला जातो. आपल्यासारखी पाचवीतली पोर लोंबकळून पाणी काढू शकायची ती यामुळे.

पण मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. या पंपाचं पेटंट कुणाकडेच नाही. 1979 साली त्याचं भारतीय मानक आलं, आयएस 9301. आराखडे खुले, कुणीही बनवावा, फक्त माप तेच हवं आणि तपासणी तिऱ्हाइताकडून. एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपात बसलाच पाहिजे. युगांडाने तो घेऊन आपल्या मानकात बसवला आणि नाव ठेवलं यू टू. ओपन सोर्सचं एवढं कौतुक आम्ही करतो, त्याच्या कितीतरी आधी हे झालेलं आहे. नावं मात्र गळत गेली. जालना पंप, सोलापूर पंप यांत निदान गावं तरी होती. मार्क टूमध्ये तीही उरली नाहीत. याचं मला थोडं वाईट वाटतं.

खोड होतीच. खाली सिलिंडरमधलं वॉशर झिजलं की सगळे पाइप उपसावे लागायचे. त्यासाठी तिपाई, गाडी, तालुक्याहून माणसं. तोवर बायका दुसऱ्या वस्तीवर. पुढे मार्क थ्री आला तो यासाठीच. त्यात पाइप रुंद असतो आणि दट्ट्या पाइप न काढता वर येतो.

तरी हापसे थांबले ते झिजून नव्हे. बोअरमध्ये सबमर्सिबल आल्या आणि पाचशे-सातशे फुटांवर गेल्या. हापसा जेमतेम दीडशे फुटांवर हात पसरून उभा राहिला. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर घेऊन. मी ती बातमी फोनवर पाहिली आणि घरी फोन लावला. आई म्हणाली, "आपला टँकर चार दिवसांनी येतो, ते बघ आधी."

मागच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा वाट वाकडी करून शाळेत शिरले. हापसा आहे. दांडा दाबला तर साखळी ताणली गेली, सळई सरळ वर आली, आतून करकर आवाज आला. पाणी नाही. तीन-चारदा हापसून बघितलं, सवयीने.

कुणाकडे त्या हापशापाशी काढलेला जुना फोटो असेल तर संमेलनाला येताना आणा. माझ्याकडे एकही नाही.