घरी येणारा पैसा का आटतो?

बाहेरगावी गेलेला माणूस आधी दर महिन्याला पैसे पाठवतो. मग महिना चुकतो, रक्कम घटते, शेवटी दिवाळीपुरतं उरतं. अभ्यासक याला 'रेमिटन्स डिके' म्हणतात. तुम्ही माझ्यासारखे विज्ञानातून संशोधनाकडे येत असाल, तर 'डिके' म्हटल्याबरोबर हाफ-लाइफ आठवेल. घोळ तिथेच होतो. अणुकेंद्रकाला घर नसतं. पैसे पाठवणाऱ्याला असतं, आणि ते घर जागा बदलतं.

चंद्रपूरचंच बघा. बल्लारपूर, घुग्घुस, माजरीच्या कोळसा खाणींत तेलुगू मुलखातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेशातून माणसं आली. खासगी मालकाच्या खाणीत, कंत्राटदाराच्या भरवशावर एकटा राहणारा मजूर गावी पैसे पाठवणारच, कारण बायकापोरं तिकडेच. 1973 साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. नोकरी पक्की, पगार ठरलेला, राहायला क्वार्टर. मग कुटुंब इकडेच आलं, मुलं इथल्याच शाळेत गेली. पगार वाढला तरी अशा घरातून मूळ गावी जाणारा पैसा घटणारच. यात माया आटली असं कशावरून म्हणायचं? ज्यांच्यासाठी पैसा जात होता तीच माणसं इथे आली.

म्हातारे आईवडील मात्र बहुतेक वेळा गावीच राहतात. खरा प्रश्न त्यांचा आहे. ल्यूकास आणि स्टार्क यांचा बोट्स्वानावरचा 1985 चा निबंध इथे वाचायलाच हवा. ज्या घरी गुरं जास्त, तिथले मुलगे जास्त पैसे पाठवत, असं त्यांना दिसलं. म्हणजे प्रेमासोबत वारसाहक्काचाही हिशेब होता. आपल्याकडे शेताची वाटणी होऊन सातबारा वेगळा झाला, की पैसे पाठवण्याचं यातलं एक कारण संपतं का? गडचिरोलीच्या धानपट्ट्यात हे तपासण्यासारखं आहे. आणि आटणं हा काही निसर्गनियमही नाही: ऑस्ट्रेलियात गेलेल्या टोंगा-सामोआच्या लोकांवरच्या रिचर्ड ब्राउन यांच्या 1997 च्या अभ्यासात काळानुसार घट सापडली नाही.

आता उलट दिशा. धानाची कापणी-मळणी उरकली की गडचिरोली-चंद्रपुरातली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. बरेचदा नवराबायको दोघंही, कधी लेकरांसकट. तेंदूपत्त्याच्या हंगामापर्यंत परत. हे पैसे पाठवत नाहीत, गाठीला बांधून आणतात. काही जण मजुरीत मिळालेली वाळली मिरचीसुद्धा. 2020 च्या टाळेबंदीत यातले हजारो लोक जंगलवाटेनं, नदी ओलांडून पायी परतले, तेव्हा कुठे बाहेरच्यांना त्यांची संख्या कळली.

हे लोक सर्वेक्षणात कुठे दिसतात? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 64 व्या फेरीत (2007-08) वर्षातून एक ते सहा महिने कामासाठी बाहेर राहणारा माणूस 'अल्पकालीन स्थलांतरित', पण घराचाच सदस्य. बाहेर गेलेल्या माजी सदस्यानं पाठवलेली रक्कम तेवढी 'रेमिटन्स'. त्यामुळे मिरचीचा पैसा त्या रकान्यात येतच नाही. आणि ज्या घरानं अख्खं बिऱ्हाड हलवलं, त्याच्या दाराला कुलूप. तिथे विचारणार कोणाला?

अजून एक फसगत. पाच वर्षांपूर्वी गेलेला आणि पंचवीस वर्षांपूर्वी गेलेला, अशा दोघांची आजची रक्कम शेजारी ठेवून लोक 'घट' काढतात. पण ही दोन वेगळी माणसं आहेत, वेगळ्या काळात, वेगळ्या कामाला गेलेली. घट मोजायची तर एकाच माणसाचा माग वर्षानुवर्षं काढावा लागतो. तेवढा वेळ पीएचडीत मिळत नाही, हे मान्य! मग निदान प्रश्नावलीत 'किती पाठवता?'च्या आधी 'गावी आता कोण आहे?' आणि 'वाटणी झाली का?' हे दोन प्रश्न घाला. उत्तर ज्यांच्या हातात पैसा पडतो त्यांच्याकडूनही घ्या. पाठवणारा आणि घेणारा यांचे आकडे क्वचितच जुळतात.