पलित्यापासून प्रकाशयोजनेपर्यंत

नाटक संपते, पडदा पडतो आणि प्रेक्षक नटांना भेटण्यासाठी रंगपटाकडे वळतात. त्याच वेळी कोणी एक माणूस शिडीजवळ उभा राहून तापलेले दिवे निवण्याची वाट पाहत असतो. त्याचे नाव जाहिरातीत अगदी खाली, बारीक टाइपात असते. पुण्यात नाटके पाहत आलेल्या आम्हां प्रेक्षकांनी त्या नावाकडे क्वचितच लक्ष दिले असेल. परंतु रंगभूमीचा इतिहास केवळ नाटककारांचा आणि नटांचा नाही. तो दिव्यांचाही आहे.

1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तो काळ तेलाच्या दिव्यांचा आणि पलित्यांचा होता. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगले, तेव्हाही आपल्या रंगभूमीवर वीज आलेली नव्हती. पुढच्याच वर्षी लंडनचे सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांनी उजळले. येथे मात्र वातीचेच राज्य चालू होते.

या मंद, हलत्या उजेडाने नाटकाचे रूप बऱ्याच अंशी ठरविले. मागच्या रांगेतील माणसाला नटाच्या डोळ्यांतील भाव दिसणे कठीण. म्हणून चेहऱ्यावर सफेदा आणि मुर्दाडशिंगाचा जाड लेप, म्हणून हातवारे मोठे, म्हणूनच आवाज खणखणीत. संगीत नाटकाचे वैभव गायकनटांच्या गळ्यात होते, हे तर खरेच. पण डोळ्यांना जे पुरते दिसत नव्हते ते कानांनी भरून काढले, असेही आम्हांला वाटते.

उजेडाची किंमतही जबर असे. पडदे, लाकूड आणि ज्योत यांचा शेजार नेहमीच धोक्याचा. वीज आल्यावरही तो संपला नाही. 1903 साली शिकागोच्या इरोक्वॉइस थिएटरात रंगमंचावरील दिव्यामुळे पडद्याला आग लागली आणि 600 हून अधिक माणसे प्राणास मुकली. दिवे सांभाळणाऱ्याच्या हाती केवळ शोभा नसते, तर समोर बसलेल्यांचे जीवही असतात.

पुढे गॅसच्या बत्त्या आल्या, मग वीज आली. परंतु विजेने आरंभी दिला तो अधिक उजेड, अधिक अर्थ नव्हे. सपाट रंगविलेल्या पडद्यावर झाडाची सावली चित्रकारानेच काढून ठेवलेली. तिच्यापुढे उभ्या असलेल्या नटाची खरी सावली भलतीकडेच पडे. ही विसंगती युरोपात अडॉल्फ आपिया या स्विस कलावंताने ओळखली. नटाचा देह त्रिमितीय आहे आणि त्याला उठाव देतो तो छायाप्रकाश, हे त्याचे म्हणणे. आपल्याकडे 1933 साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले आणि पडद्यांवरील महालांच्या जागी खरीखुरी वाटणारी खोली आली. खोली आली की खिडकी येते. आणि खिडकी आली की तिच्यातून सकाळ आत येते की संध्याकाळ, याचे उत्तर दिव्यांना द्यावे लागते.

पुण्यात या उत्तराला दोन वास्तूंनी बळ दिले. 26 जून 1968 रोजी, बालगंधर्वांच्या जन्मदिनी, बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले. दुसरी वास्तू सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिर. तेथेच 16 डिसेंबर 1972 रोजी विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम सादर केले. त्यात नटांची रांग हीच भिंत आणि हाच पडदा. जेथे रंगविलेला महाल नाही, तेथे कीर्तन कोठे संपले आणि बावन्नखणी कोठे सुरू झाली, हे सांगण्यात सूर, हालचाल आणि प्रकाश यांना वाटा उचलावा लागतो.

साधने मात्र तुटपुंजी होती. हौशी नाटकवाल्यांचा एक जुना उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याचा डिमर. खारट पाण्यात धातूच्या दोन पट्ट्या सोडायच्या. त्या जवळ आणल्या की दिवा उजळतो, दूर नेल्या की मंदावतो. उघड्या विजेशी हा खेळ जिवावरचाच. रंगमंचावर हळुवार उतरणारी सांज अशा एखाद्या भांड्यातून उगवत असे! आज एल.ई.डी. दिवे आणि संगणकाची कळ आली आहे. हात पोळत नाहीत. मात्र कोणाच्या चेहऱ्यावर उजेड ठेवावा आणि कोणाला अंधारात सोडावे, हा निर्णय आजही माणसालाच घ्यावा लागतो.

आमची खंत वेगळीच आहे. नाटकाची संहिता छापून राहते, नाट्यपदे ध्वनिमुद्रिकेत राहतात, नेपथ्याचे छायाचित्र निघते. प्रकाश मात्र त्या रात्रीबरोबरच मावळतो. ज्या वहीत कोणत्या वाक्याला कोणता दिवा चढवायचा हे पेन्सिलीने टिपलेले असते, ती वही प्रयोग थांबल्यावर सहसा रद्दीतच जाते. अशा वह्या नाट्यसंस्थांनी जपून ठेवाव्यात, जुन्या प्रकाशयोजनाकारांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहून घ्याव्यात, असे आम्हांला मनापासून वाटते. आणि आपण प्रेक्षकांनी निदान एवढे करावे : पुढच्या वेळी जाहिरातीतील ते शेवटचे नाव वाचूनच सभागृहात शिरावे.