उतरंडीपासून डालड्याच्या डब्यापर्यंत

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तह आणि लढायांच्या सनावळ्या उभ्या राहतात. त्यातून मुसलमानांचा इतिहास म्हटला, की विचारायलाच नको. तख्त, तलवार आणि मकबरा यांपलीकडे कुणाची नजर जात नाही. आपल्याला नावे ठेवणाऱ्यांची जात नाही आणि आपले गोडवे गाणाऱ्यांचीही जात नाही. वास्तविक आपल्यापैकी बहुतेकांच्या पूर्वजांनी तख्त पाहिले नव्हते. ते विणकर, खलाशी, बागवान, पिंजारी, तांबोळी, आतार आणि शेतकरी होते. त्यांच्या घरातल्या बायांनी एका खोलीत आठ-दहा माणसांचा संसार बसवला, फाटलेले जोडले, रिकामे झालेले पुन्हा भरले. हे त्यांनी कसे केले, हासुद्धा इतिहासाचाच प्रश्न आहे, असे आम्हाला वाटते. त्याचे पुरावे दफ्तरखान्यात मिळत नाहीत. ते माळ्यावर, फळीवर आणि खाटेखाली सापडतात.

सुरुवात शब्दांपासून करू. मराठी घरातल्या वस्तूंची नावे नुसती मोजून पाहा. खुर्ची, संदूक, तबक, सुरई, रकाबी, तक्क्या, सतरंजी हे शब्द अरबी-फारसीतून आले. परात, बादली, अलमारी हे पोर्तुगिजांनी दिले. उतरंड, शिंके, खुंटी, कोनाडा, कणगी हे इथल्या मातीतले. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचे काम होते आणि राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. दरबाराची भाषा अशी ठरवून बदलता येते. पण घरातली खुर्ची खुर्चीच राहिली आणि सतरंजी सतरंजीच राहिली. वस्तू वापरणाऱ्याने तिचे नाव कुठून आले याची चौकशी केली नाही. ती उपयोगाची आहे ना, एवढेच पाहिले.

मराठ्यांच्या राज्यात अठरा कारखाने सांगितले जातात. त्यांत धान्याचा अंबरखाना होता, तंबू, गालिचे, बिछायती सांभाळणारा फरासखाना होता. पन्हाळ्यावरचे अंबरखाने आजही उभे आहेत आणि पुण्यातल्या एका पोलीस ठाण्याने फरासखान्याचे नाव जिवंत ठेवले आहे. राजाच्या घरी प्रत्येक वस्तूला एक इमारत आणि एक कारकून असे. गरिबाच्या घरी हेच सगळे कारखाने एका खोलीत नांदत. तिथे गृहिणी जागा वाचवायची ती उंचीत. मडक्यावर मडके चढवून उतरंड रचायची. सर्वांत मोठे तळाशी, त्यात रोज न लागणारे धान्य, वर चढत लहान लहान मडकी. जमीन एका मडक्याची आणि साठवण पाच मडक्यांची. दूध-दही शिंक्यात टांगलेले, म्हणजे मांजर आणि मुंगी दोन्ही दूर. भिंत बांधतानाच कोनाडे सोडलेले, त्यात दिवा आणि वरच्या कोनाड्यात जुजदानात गुंडाळलेले कुराणशरीफ. कपड्यांना आढ्याखाली आडवी बांधलेली वळणी. या घरात फर्निचर जवळजवळ नव्हतेच. भिंत, आढे आणि दोरी हेच फर्निचर.

मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट आले. ‘गॅसलाइट’चे घासलेट आणि ‘रॉक ऑइल’चे रॉकेल झाले. ते पत्र्याच्या चौकोनी डब्यातून येई. एका डब्यात चार गॅलन, म्हणजे सुमारे १८ लिटर, आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. तेल जळून गेले की डबा आणि खोके दोन्ही घराचे झाले. वरचा पत्रा कापायचा, कापलेली धार आत वळवून हातोडीने बसवायची, दोन बाजूंना भोके पाडून मधे लाकडी दांडी ठोकायची, की पाण्याचा डबा तयार. तोच डबा आंघोळीचे पाणी तापवायला चुलीवर, तोच धान्याला, तोच उलगडून सपाट केला की छपराला. खोके उभे ठेवले तर कपाट, आडवे ठेवले तर बाक, वर चादर घातली तर पाहुण्यासाठी बैठक.

ही काटकसर केवढी ताकदवान होती, याचा एक पुरावा जगाच्या व्यापाराच्या इतिहासात नोंदलेला आहे. १८९२ साली लंडनच्या मार्कस सॅम्युएल यांनी ‘म्युरेक्स’ नावाचे टाकीवाले जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे पाठवले. रशियन घासलेट डब्यांऐवजी थेट जहाजाच्या टाकीत भरून आणायचे, म्हणजे डबा आणि खोक्याचा खर्च वाचेल आणि अमेरिकन कंपनीपेक्षा स्वस्त विकता येईल, असा हिशेब होता. लोक आपापली भांडी घेऊन येतील असे त्यांनी धरले होते. पण आशियातली गिऱ्हाइके रिकाम्या हाताने वाट पाहत राहिली. त्यांना तेलाइतकाच डबाही हवा होता. अमेरिकन तेलाच्या निळ्या डब्यातून त्यांची छपरे, भांडी आणि पेले होत होते. शेवटी सॅम्युएल यांना पत्रा पाठवून पूर्वेतच डबे बनवून घ्यावे लागले आणि त्यांनी ते लाल रंगवले. याच व्यापारातून पुढे शेल कंपनी उभी राहिली. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला आपला हिशेब बदलायला कुणी लावले? नाव नसलेल्या घरांनी आणि त्या घरांतल्या नाव नसलेल्या बायांनी. आमच्या दृष्टीने ही घटना एखाद्या तहाच्या कलमाइतकीच महत्त्वाची आहे.

मुंबईचा विचार वेगळा करायला हवा. १८९६ साली शहरात प्लेगची साथ आली. तिच्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, रस्ते रुंद झाले, जुन्या वस्त्या पडल्या. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. त्याच या बीडीडी चाळी. एक खोली १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास बाहेर, सामाईक. डोंगरी, माझगाव, मदनपुऱ्यातल्या चाळींत याहून काही निराळे नव्हते. तिथे आलेला माणूस घर घेऊन आला नव्हता, पेटी घेऊन आला होता. रत्नागिरीकडच्या खलाशांच्या गावोगावच्या जमातींनी मुंबईत खोल्या धरल्या होत्या. बोट लागली की माणूस तिथे उतरायचा. त्याच्या मालकीची जागा म्हणजे भिंतीलगत पेटी मावेल एवढी आणि रात्री चटई पसरेल एवढी. पेटीच्या झाकणाला आतून कागद डकवलेला, त्यात घरची पत्रे. तिजोरी, कपाट, पत्रपेटी, सगळे एकच.

कुटुंब आले की खोलीत दुसरी कला सुरू होई. खाटेच्या चारही पायांखाली विटा सरकवून खाट उंच करायची आणि खालच्या पोकळीत ट्रंका बसवायच्या. दारावरच्या पोकळ भागात फळ्या टाकून माळा करायचा. शिवणयंत्रावर फळी ठेवून मुलांचे अभ्यासाचे टेबल. फळ्यांवर जुनी वर्तमानपत्रे पसरायची आणि पुढची कड कातरून झालर काढायची. यातली एक गंमत आपल्या घरांनाच ठाऊक. उर्दू कागदावर अल्लाहचे नाव असेल, त्याची बेअदबी होईल, म्हणून तो फळीवर अंथरत नसत. तो जपून ठेवायचा किंवा विहिरीत, नदीत सोडायचा. फळीला लागायचा तो मराठी कागद. त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांनी मराठी वाचनाचे पहिले धडे मसाल्याच्या बरण्या बाजूला सरकवून गिरवले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात टंचाईने कळस गाठला. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग आले, त्याच वर्षी कापडावरही नियंत्रण आले. त्याआधी १९३७ साली डालडा बाजारात आला होता. शिवडीच्या कारखान्यात तयार होणारे हे वनस्पती तूप साजूक तुपापेक्षा स्वस्त म्हणून घराघरांत शिरले आणि त्याच्यासोबत माडाचे चित्र असलेला गोल पत्र्याचा डबाही शिरला. तूप संपायचे, डबा राहायचा. तो डाळीला, पिठाला, सुईदोऱ्याला लागायचा. जुना झाला की खाली भोके पाडून त्यात मोगरा किंवा पुदिना लावायचा, हिंदू शेजारणीच्या गॅलरीत त्याच डब्यात तुळस. अगदीच गंजला की तो चाळीच्या टोकाला सकाळच्या रांगेत हातात दिसायचा. डब्याच्या उताराचा हा क्रम ठरलेला होता. एकाच चाळीत, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे, तो क्रम तोच होता. आपण वेगळे आहोत असे सांगणाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या फळ्या एकदा पाहायला हव्या होत्या.

घरातल्या या कामाला बाहेरून हात देणारे कारागीर मोठ्या संख्येने आपलेच होते, हेही नोंदवले पाहिजे. पिंजारी धनुकली खांद्यावर टाकून दारोदार फिरे. गादीतला दबून गोळा झालेला जुना कापूस तो पिंजून पुन्हा हलका करी आणि जुनी गादी नवी होई. कलईवाला तांब्या-पितळेचे भांडे तापवून त्यात नवसागर फिरवी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून पसरवी. कलई गेली की आंबट पदार्थ भांड्यात कळकतो, म्हणून प्रत्येक घराला त्याची वाट पाहावी लागे. रफूगार धाग्यात धागा मिळवून फाटलेले असे बुजवी की जागा सापडू नये. ‘कलई’ आणि ‘रफू’ हे शब्दही परक्या भाषेतून आले आणि मराठीचे झाले. ब्राह्मणाच्या वाड्यात, पाटलाच्या चौकात, मोहल्ल्यात या सर्वांना सारखेच काम होते. गावगाड्यातले आपले स्थान तलवारीने नव्हे, या धनुकलीने आणि कथलाच्या कांडीने मिळवलेले आहे. स्टेनलेस स्टील आणि फोम आले तसे हे धंदे मिटत गेले.

आणि गोधडी? तिच्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. जुनी सुती लुगडी, धोतरे, लुंग्या, ओढण्या धुऊन, एकावर एक थर देऊन, वर तुकड्यांचे पान लावून धावदोऱ्याने शिवायची. एका गोधडीत सासूचे लुगडे, नणंदेची ओढणी आणि मुलाचा पहिला सदरा असतो. घराण्याची वंशावळ पुरुषांची नावे सांगते. बायांची वंशावळ पाहायची असेल तर गोधडी उलगडावी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजात मुस्लिम, हिंदू आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या बाया शिवतात ती ‘कवंदी’ तिघींचीही सारखीच, कडेकडून मधोमध सरकत जाणारी आणि चार कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुले असलेली.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि कोकणातल्या घरांतून पुरुष बोटीऐवजी विमानाने आखातात जाऊ लागले. आता घरी रिकामे डबे येऊ लागले ते निडो दुधाच्या पावडरीचे, बरण्या आल्या त्या टँगच्या. घासलेटच्या डब्याची जागा त्यांनी घेतली. पण सवय जुनीच. फळीवरच्या त्या रांगेकडे पाहून घरातला माणूस किती वर्षे बाहेर आहे, हे शेजारीण सांगू शकत असे. गावात मात्र लग्नाच्या मोठ्या देगी, थाळ्या, सतरंज्या जमातीच्या मालकीच्याच राहिल्या. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत घेऊन घर का भरावे, हा शहाणपणा त्यामागे होता.

आम्ही टंचाईचे गोडवे गात नाही. एका खोलीत दहा माणसे राहिली ही अभिमानाची गोष्ट नव्हे, आणि ती खोली नीट ठेवण्यात ज्या बाईचे आयुष्य गेले तिला शाळेत जायचे होते की नाही, हे कुणी विचारले नव्हते. २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा आनंदच आहे. प्रश्न एवढाच आहे की नव्या घरात जाताना जुनी ट्रंक, जुना डबा, जुनी गोधडी भंगारवाल्याला देताना आपण त्यांच्यासोबत काय देऊन टाकतो. ज्यांच्या घराण्यात ना सनद आहे ना बखर, त्यांच्याजवळ आपण इथे होतो, कष्टाने आणि अब्रूने राहिलो, शेजाऱ्यासारखेच राहिलो, याचा दुसरा कागद नसतो. वस्तू ठेवायला जागा नसेल तर खुशाल द्याव्यात. पण त्याआधी घरातल्या थोरल्या बाईजवळ बसून विचारावे, ही ट्रंक कुणी घेतली, कोणत्या साली, या डब्यात आधी काय होते, या गोधडीतला हा हिरवा तुकडा कुणाचा. ती सांगेल ते वहीत उतरवून घ्यावे. तख्तांचा इतिहास लिहायला पुष्कळजण आहेत. हा आपल्यालाच लिहावा लागेल.